कॅलेंडरातली नदी आणि नकाशातले कूप

शनिवार, होबार्ट

विमान टास्मानियाच्या डोंगरांवर आलं तसा मामांनी खिडकीला नाक लावून पहिला प्रश्न विचारला, "ह्यातलं राखीव किती?" राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात वनरक्षक म्हणून लागून वनपाल म्हणून निवृत्त झालेला माणूस दुसरं काय विचारणार! बेटाचा दोन पंचमांशाहून जास्त भाग राखीव आहे असं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग आपण कशाला चाललोय?"

आम्ही चाललो होतो ते उरलेल्यासाठी. येत्या तीन वर्षांत कुठले कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, तोडायचे याची यादी आणि नकाशे इथली सरकारी वनकंपनी जाहीर करते. एका स्थानिक स्वयंसेवी गटाला त्या यादीतल्या काही कूपांचे तोडीआधीचे फोटो हवे होते. मेलबर्नमध्ये राहून मी आठ-दहा वर्षं निसर्गाचे फोटो काढतेय, एप्रिलच्या सुट्ट्या होत्या, आणि मामा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आलेच होते. एकट्या बाईने रानात जाऊ नये हे त्यांचं कारण. मला मात्र टेप धरायला कोणीतरी हवंच होतं.

दुपारी गाडीने कुनान्यीवर गेलो. माउंट वेलिंग्टनचं हे मूळ नाव आता सरकारी पाट्यांवरही आहे. उंची १,२७१ मीटर, वर बोचरा वारा. येताना उतारावर फर्न ट्री नावाचं गाव लागतं. पीटर डोंब्रोव्स्किस इथे राहायचे. लॅटव्हियन आईवडिलांचा हा मुलगा १९४५ साली जर्मनीतल्या निर्वासितांच्या धांदलीत जन्मला आणि पाच वर्षांचा असताना आईबरोबर इकडे आला. त्यांना घडवणारा माणूस त्यांच्याच मुलखाच्या शेजारचा, लिथुआनियाचा ओलेगस ट्रुखानस. टास्मानियात फोटोने जंगल वाचवायची रीत रुजली ती बरीचशी ह्या दोघांमुळे.

ट्रुखानस नोकरीला होते वीजमंडळात, कारकून. मंडळ दिवसा धरणांचे आराखडे करी आणि हा माणूस सुट्टीत त्याच नद्यांवर कयाक घेऊन जाई. १९५८ साली गॉर्डन नदी त्यांनी एकट्याने पार केली. १९६७ च्या फेब्रुवारीत होबार्टभोवती मोठा वणवा लागला, ६२ माणसं गेली, ट्रुखानसांचं घर जळालं आणि वर्षानुवर्षं जमवलेल्या स्लाइड्सही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पेडर नावाचा तलाव बुडणार हे ठरल्यावर होबार्टच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी त्याच्या स्लाइड्स दाखवल्या. सभागृहात माणूस मावत नसे.

संध्याकाळी त्या टाऊन हॉलसमोर उभी राहून एक फोटो काढला. इमारत ठीकठाक आहे. मामा म्हणाले, "कोल्हापुरात याच्यापेक्षा बरी आहेत."

रविवार, माउंट फील्ड

आजचा दिवस खरं म्हणजे हात साफ करण्याचा. रसेल फॉल्सभोवतीची जमीन १८८५ सालीच राखून ठेवली होती, १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. धबधब्यापर्यंत सपाट पायवाट, दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावर छत धरणारे वृक्षनेचे. इथे वाईट फोटो काढणं अवघड आहे आणि म्हणूनच मला फारसा उत्साह नव्हता. ढगाळ हवा, तिकाटणं, दोन सेकंदांचं एक्स्पोजर, रेशमी पाणी: जगातल्या प्रत्येक धबधब्याचा हाच फोटो निघतो.

मामांना जळू लागली. दाजीपूरच्या पावसाळ्यात आयुष्य गेलेल्या माणसाने ती दोन बोटांनी उपटून निरखली आणि "आपल्याकडची चपळ असते" एवढाच शेरा मारून टाकून दिली.

सोमवार, स्टिक्सचं खोरं

मेडेना गावाच्या पुढे खडीचा रस्ता सुरू होतो. लाकडाचे ट्रक याच वाटेने येतात, म्हणून वळणावर दिवे लावून हळू जायचं. ह्या खोऱ्यात *युकॅलिप्टस रेग्नन्स* ही जात आहे. सपुष्प वनस्पतींमध्ये जगातली सर्वांत उंच. आपल्याकडे निलगिरी म्हटलं की सामाजिक वनीकरणातली काटकुळी झाडं आठवतात, आणि मामांचा त्या झाडावर जुना राग. "पाणी खाणारं झाड," असं म्हणतच ते गाडीतून उतरले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मान मागे टाकली तरी शेंडा दिसेना.

गटाने दिलेल्या खुणेप्रमाणे आम्ही कूपाच्या हद्दीपर्यंत गेलो. झाडांना रंगीत फीत बांधलेली होती. फितीच्या अलीकडे राहायचं, आत शिरायचं नाही, ही सूचना आधीच मिळाली होती.

आता उंच झाडाचा फोटो. बुंध्याशी उभं राहून रुंद भिंगाने काढला की झाड मागे कलल्यासारखं आणि निम्म्याच उंचीचं दिसतं. खाली बुंधा राक्षसी, वर शेंडा टाचणीएवढा. उंची दाखवायची तर समोरच्या उतारावर झाडाच्या मध्याएवढ्या उंचीवर जायचं, लांब भिंग लावायचं, कॅमेरा उभा धरून खालून वरपर्यंत तुकडे घ्यायचे आणि घरी जोडायचे. त्यासाठी समोर उतार हवा आणि मध्ये दुसरी झाडं नकोत. रानात दोन्ही एकत्र क्वचित मिळतं. आम्हाला मिळालं ते जुन्या तोडीच्या मोकळ्या जागेमुळे. म्हणजे शेजारचा कूप आधी तुटला होता म्हणून ह्या कूपाचा फोटो नीट आला.

ओल्या पानांवर आभाळाची पांढरी चमक असते. पोलरायझर फिरवला की ती जाते आणि खालचा हिरवा वर येतो. नेच्याचं एक पान मात्र सारखं हलत होतं. चार सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये हलणारं पान म्हणजे धूर. वारा थांबायची वाट बघत बसले. तेवढ्यात मामांनी पिशवीतून टेप काढली आणि न सांगता बुंध्यांचे घेर घ्यायला सुरुवात केली, छातीच्या उंचीवर, उताराच्या वरच्या बाजूने, जसं चाळीस वर्षं घेतलं तसं. त्यांच्या खिशात छोटी वही असतेच. झाड क्रमांक, घेर, शेरा. शेऱ्यात "ढोली आहे", "आगीने भाजलेले", "शेंडा मोडलेला".

ढोलीचा शेरा इथे महत्त्वाचा. स्विफ्ट पॅरट नावाचा हिरवा पोपट, जो आता अगदी नामशेष व्हायच्या टोकाला आला आहे, टास्मानियातच वीण करतो आणि घरटं करायला त्याला जुन्या झाडाची ढोलीच लागते. तशी ढोली व्हायला शंभराहून जास्त वर्षं जातात. तोडून, जाळून, वरून बी पेरून उगवलेल्या जंगलात झाडं असतात, ढोल्या नसतात.

तोडीची पद्धत इथे तशीच आहे. कूप पूर्ण मोकळा करायचा, उरलेला पालापाचोळा शरद ऋतूत पेटवायचा आणि राखेवर हेलिकॉप्टरमधून बी टाकायचं. एप्रिलमध्ये खोऱ्यांवर धुराचे खांब दिसतात ते याचेच. मामांना ह्यात शास्त्र दिसलं. रेग्नन्सचं बी आगीनंतरच्या उघड्या, उन्हाच्या जमिनीत जोमाने उगवतं हे खरं आहे, तेव्हा पद्धत अगदी अडाणी नाही. "पण फिरून तोडणार कधी? चारशे वर्षांनी तोडणार असले तर माझी हरकत नाही," ते म्हणाले.

मग मी त्यांना ८५ मीटरचा नियम सांगितला. वनकंपनीच्या धोरणानुसार ८५ मीटरहून उंच किंवा २८० घनमीटरहून जास्त आकारमानाचं झाड सापडलं तर ते राखायचं आणि त्याच्याभोवती किमान १०० मीटर त्रिज्येचं रान सोडायचं. म्हणून इथले कार्यकर्ते लेझर घेऊन झाडांच्या उंच्या मोजत हिंडतात. एक झाड भरलं की भोवतीचे तीन-एक हेक्टर वाचतात.

"आणि चौऱ्याऐंशीचं असलं तर?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण दिवसभराच्या कामाला मात्र दिशा मिळाली. शेंड्यांमधून उतरणारा उजेड, धुकं वगैरे सोडून दिलं आणि साधे फोटो काढत गेले. प्रत्येक झाडाशी मामा टेपसह उभे, मागे फीत, खाली जीपीएसचे आकडे. मामांनी माझं लाल रेनकोट घालायला साफ नकार दिला. सगळ्या फोटोंत ते तपकिरी स्वेटर आणि कानटोपीत आहेत, म्हणजे बुंध्याच्याच रंगात. मापाला माणूस आहे हे कळायला फोटो मोठा करून बघावा लागतो.

ह्याच भागात मिरांडा गिब्सन नावाची बाई ६० मीटर उंचीवर झाडाला बांधलेल्या फळीवर ४४९ दिवस राहिली. डिसेंबर २०११ मध्ये चढली, मार्च २०१३ मध्ये जवळ वणवा आला म्हणून उतरली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये टास्मानियाच्या जागतिक वारसा क्षेत्रात सुमारे १,७०,००० हेक्टर वाढवले गेले. पुढच्याच वर्षी नव्या केंद्र सरकारने त्यातले ७४,००० हेक्टर परत काढावेत म्हणून अर्ज केला, कारण काय तर ते जंगल आधीच खराब झालेलं आहे. दोहाच्या बैठकीत वारसा समितीने तो दहा मिनिटांच्या आत फेटाळला. 'खराब' म्हटलेल्या जागेचे फोटो असणं न असणं अशा वेळी कळतं.

मंगळवार, पेडर

मेडेनाहून गॉर्डन रिव्हर रोडने स्ट्रॅथगॉर्डनकडे. रस्ता धरणासाठीच बांधलेला. पाऊस येत-जात होता. डाव्या हाताला सेंटिनल रांगेचे पांढुरके गारगोटीचे कडे, पायथ्याशी बटनग्रासचं पिवळट मैदान.

पेडर तलाव १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाला होता. कडेला गुलाबी गारगोटीच्या वाळूची रुंद पुळण, जिच्यावर छोटी विमानं उतरत. १९६७ मध्ये तो दर्जा काढला आणि १९७२ मध्ये तीन धरणांच्या पाण्याखाली पुळणीसकट सगळं गेलं. आज जे पेडर नावाने नकाशात आहे ते २४२ चौरस किलोमीटरचं जलाशय. ट्रुखानसांनी काढलेले फोटो हे त्या मूळ तलावाच्या सर्वांत चांगल्या आठवणींपैकी. मामांना ते फोनवर दाखवले.

माझी अपेक्षा होती की ते हळहळतील. ते रेड नॉलच्या टेकडीवर उभे राहून पाण्याकडे बघत म्हणाले, "मी राधानगरीचा माणूस. शाहू महाराजांनी धरण बांधलं नसतं तर आमच्या खालच्या गावांनी काय पिकवलं असतं? मला धरण दिसलं की हात जोडावेसे वाटतात."

मी म्हटलं, मामा, इथे शेती नाही, फक्त वीज. ते म्हणाले, वीज काय कमी आहे का? टास्मानियाची बहुतेक वीज पाण्याची आहे हे मलाच कबूल करावं लागलं. पुढे १४० मीटर उंचीचं गॉर्डन धरण पाहिलं. कमानीची काँक्रीटची भिंत, खाली अंधारी घळ. मामा खूश. मीही त्याचे चार-सहा फोटो काढलेच, देखणं आहे ते.

परतताना गाडीत वाद चालू राहिला. माझं म्हणणं, बांधण्याआधी लोकांना काय बुडणार ते दिसायला हवं होतं. त्यांचं म्हणणं, दिसलं होतं की, तुझा तो कारकून दाखवतच होता, सभागृह भरत होतं, तरी बुडालंच. हे खरं आहे. पेडर वाचला नाही. पण मार्च १९७२ मध्ये त्याच होबार्ट टाऊन हॉलमध्ये पेडरवाल्यांनी युनायटेड टास्मानिया ग्रुप स्थापन केला, जगातला पहिला हरित पक्ष म्हणून तो ओळखला जातो. ट्रुखानस तेव्हा हयात नव्हते. जानेवारीत गॉर्डन नदी बुडायच्या आधी तिचे फोटो घ्यायला गेले असता ते त्याच नदीत वाहून गेले. शोध घेणाऱ्यांत तरुण डोंब्रोव्स्किस होते. मृतदेह त्यांनाच सापडला.

बुधवार, लायल हायवे

दिवसभर गाडी. टारालियाचे जलविद्युत पाइप, डरवेंट ब्रिज, मग जंगल. डोनाहीज हिलवर वीस मिनिटांची चढण आहे, वरून फ्रँकलिन नदीचं खोरं आणि फ्रेंचमन्स कॅपचा पांढरा सुळका. ढगात होता. थांबलो, दिसला नाही, निघालो.

क्वीन्सटाऊनला मात्र गाडी थांबवावीच लागली. तांब्याच्या भट्ट्यांसाठी आजूबाजूचं रान तोडलं, भट्ट्यांच्या गंधकाच्या धुराने उरलेलं मेलं, पावसाने माती धुऊन नेली. उघडे, गुलाबी-करडे डोंगर. पर्यटक इथे हटकून फोटो काढतात, मीही काढले, संध्याकाळच्या उन्हात ते फारच सुंदर दिसत होते. हा फोटोग्राफीचा जुनाच घोळ आहे: उजाड डोंगरालाही कॅमेरा देखणा करतो. मामांना कडेला परत उगवणारं खुरटं झुडूप जास्त आवडलं. ते त्यातच वाकून बसले होते.

गुरुवार, स्ट्रॅहन आणि गॉर्डन नदी

सकाळच्या बोटीने मॅक्वारी हार्बर ओलांडून गॉर्डनच्या मुखात. बटनग्रासच्या मातीतून येणारं पाणी बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं, त्यामुळे प्रतिबिंब आरशाहून गडद पडतं. इंजिन मंद केलं की काठ आणि त्याची छाया यांच्यातली रेघच हरवते. हेरिटेज लँडिंगला लाकडी वाटेवरून ह्यूऑन पाइन बघायला मिळतात. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर जाडी वाढते, काही झाडं ३,००० वर्षं जगतात, आणि लाकडातल्या तेलामुळे ते कुजत नाही. मामांनी कठड्याबाहेर हात काढून साल हुंगली, आणि वाटाड्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

पुढे वॉर्नर्स लँडिंग. १४ डिसेंबर १९८२ ला इथे नाकेबंदी सुरू झाली. गॉर्डन आणि फ्रँकलिनच्या संगमाखाली धरण व्हायचं होतं, आणि योगायोग असा की त्याच दिवशी पॅरिसमध्ये हा मुलूख जागतिक वारशाच्या यादीत गेला. रबरी होड्यांतून माणसं बुलडोझर आणणाऱ्या बार्जच्या आडवी जात. बाराशेहून अधिक जणांना अटक झाली. त्यांत डॉक्टर बॉब ब्राउन होते. ते तुरुंगातून सुटले आणि दुसऱ्याच दिवशी टास्मानियाच्या विधानसभेत आमदार झाले.

त्याच्या वर्षभर आधी सरकारने सार्वमत घेतलं होतं. मतपत्रिकेवर पर्याय दोन: हे धरण की ते धरण. धरण नकोच हा पर्यायच नव्हता. सुमारे एक तृतीयांश मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने 'नो डॅम्स' लिहून दिलं. मामा ह्यावर खूप हसले. "आमच्या ग्रामसभेत चालेल हे."

आणि मग तो फोटो. फ्रँकलिनच्या रॉक आयलंड बेंड नावाच्या वळणावरचा, डोंब्रोव्स्किस यांनी लिनहॉफच्या मोठ्या कॅमेऱ्याने, चार बाय पाच इंची फिल्मवर काढलेला. पहाटेचं धुकं, मध्ये काळा खडक, त्याला वळसा घालणारं पांढरं पाणी. १९८३ च्या मार्चमधल्या निवडणुकीआधी तो सिडनी आणि मेलबर्नच्या मोठ्या वर्तमानपत्रांत पूर्ण पान रंगीत छापून आला, सोबत प्रश्न: हे नष्ट करणाऱ्या पक्षाला तुम्ही मत द्याल का? बॉब हॉक यांचा मजूर पक्ष निवडून आला, त्यांनी धरण अडवलं, टास्मानिया सरकार कोर्टात गेलं आणि १ जुलैला ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, चार विरुद्ध तीन अशा मतांनी केंद्राच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी आपल्याकडे केरळातल्या सायलेंट व्हॅलीचा धरण प्रकल्प सोडून दिला गेला. तिथे फोटोपेक्षा शास्त्रज्ञ, शिक्षक आणि कवी पुढे होते.

तो खडक बोटीतून दिसत नाही. राफ्टमधून आठ-दहा दिवस नदी उतरत गेलं तरच. ज्यांनी त्या फोटोमुळे मत दिलं, त्यांतल्या फार थोड्यांनी ती जागा पाहिली असेल.

एक गोष्ट मात्र त्या फोटोत नाही, ती म्हणजे माणूस. डोंब्रोव्स्किसच्या बहुतेक फोटोंत नाही. याच फ्रँकलिनच्या काठी कुटिकिना नावाची गुहा आहे. हिमयुगात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, तिथे माणसं राहत होती, वॉलबीची शिकार करत होती. धरणाने तीही बुडाली असती, आणि कोर्टात हा मुद्दा होता. १९९५ मध्ये गुहा आदिवासी समाजाला परत दिली. निर्मनुष्य रानाचे फोटो बघून वाढलेल्या माझ्यासारखीला हे उशिरा उमगलं. मामांना ते लगेच कळलं, कारण दाजीपुरात धनगरवाडे आहेत. "जंगल रिकामं दाखवलं की रिकामं करायला सोपं जातं," ते म्हणाले. चाळीस वर्षं खात्याची वर्दी घातलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

शुक्रवार, कोरिना

झीहानवरून उत्तरेला, खडीच्या रस्त्याने पायमन नदीपर्यंत. पूल नाही, तारेवर सरकणारा बार्ज गाडीसकट पलीकडे नेतो. हा टार्काइनचा, आदिवासी नावाने टाकायनाचा प्रदेश, ऑस्ट्रेलियातलं सर्वांत मोठं थंड वर्षावन. त्यातला काही भाग राखीव, काही खाणींच्या पट्ट्यात, काही तोडीच्या यादीत. माझ्या व्हिक्टोरियात १ जानेवारी २०२४ पासून नैसर्गिक जंगलाची तोड बंद झाली, टास्मानियात अजून चालू आहे.

इथे देखावा असा नाहीच. मर्टल, सॅसाफ्रास, लेदरवूड, सगळ्यावर शेवाळ, आभाळ दिसत नाही, दूरचं काही दिसत नाही. कॅलेंडरवाला इथून रिकाम्या हाताने जाईल. मी व्हाइट रिव्हरच्या वाटेवर गुडघ्यावर बसून मर्टलच्या मुळाचा एक हातभर तुकडा टिपत बसले: शेवाळाचे तीन-चार प्रकार, नारिंगी छत्री, त्यावर चालणारी गोगलगाय. फोकस पुढून मागे सरकवत फ्रेम घेतल्या. गोगलगाय प्रत्येक फ्रेममध्ये पुढे गेलेली, त्यामुळे जोडल्यावर तिला पाच-सहा डोकी येणार.

शनिवार, डेव्हनपोर्ट

गाडी परत केली. विमानाला वेळ होता म्हणून विमानतळावर बसून फोटो गटाकडे पाठवायला घेतले. त्यांनी लगेच कळवलं की रसेल फॉल्स आणि गॉर्डनची प्रतिबिंबं नकोत, स्टिक्समधले सगळे हवेत, आणि फोटोत जो माणूस टेप धरून उभा आहे त्याच्याकडे आकडे असतील तर तेही. मामांची वही मराठीत आहे. मी यादी इंग्रजीत उतरवतेय, पण झाड क्रमांक ७ चे दोन घेर लिहिलेत आणि शेऱ्यात नुसतं "बघणे" आहे. ते कॉफी आणायला गेलेत, आले की विचारते.